टी की सात?

‘या नंबरची नोंद आमच्याकडे नाही,’ एवढंच बेल्जियमहून कळलं आणि फाईल पुन्हा माझ्या टेबलावर आली. तस्करीत पकडलेलं ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल, ९ मिमी, सहा आकडी नंबर. ते कुणाचं, हे नंबरावरून शोधायला बेल्जियमकडे केलेला अर्ज वरवर चोख होता.

असं उत्तर आलं की बरेच जण फाईल मिटतात. मी आधी फोटो पुन्हा मागवतो. स्लाइड, फ्रेम आणि बॅरल यांवरच्या प्रत्येक छापाचा वेगळा फोटो, शेजारी मोजपट्टी, उजेड तिरका. समोरून फ्लॅश मारला की कोरलेली अक्षरं चकाकून सपाट दिसतात.

नवे फोटो दुपारी आय-२४/७ वरून, म्हणजे इंटरपोलच्या सुरक्षित संपर्क-जाळ्यावरून आले. स्लाइडवर ‘ब्राउनिंग-एफएन’ वाचून अर्जात बेल्जियम लिहिलं गेलं होतं, कारण एफएन ही बेल्जियमची शस्त्र-कंपनी. त्याखालची ओळ ग्रीस आणि रंगाच्या थराने बुजलेली. ती पुसून काढलेल्या फोटोत निघालं ‘इंग्लिस कॅनडा’. पिस्तुलावर नाव एकाचं आणि बनवणारा दुसराच, हे नेहमीचंच. टोरांटोच्या जॉन इंग्लिस कारखान्यात १९४४-४५ मध्ये ही पिस्तुलं सुमारे दीड लाख बनली.

कारखाना बदलला म्हणजे नंबरही नव्याने वाचायला हवा. इंग्लिसच्या मालावर एक आकडा, मग टी, मग चार आकडे अशी घडण असते. चीनसाठी बनवलेल्या मालावर टीच्या जागी सीएच. फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्या जागी टीच होता, पण डावी भुजा झिजलेली. उरलं ते हुबेहूब सात! सहा आकडी नंबरात कुणाला वावगं दिसलं नाही. इंटरपोलच्या शस्त्र-संदर्भ तक्त्यात अडीच लाखांवर नोंदी आहेत. अर्ज भरताना तो उघडला असता तर मुद्देमाल हातात असतानाच हे लक्षात आलं असतं.

आयआर्म्सवर, म्हणजे चोरीच्या आणि हरवलेल्या शस्त्रांच्या इंटरपोलच्या नोंदींत, आधीही शोध झाला होता, पण त्या चुकीच्या नंबरावर. टी घालून पुन्हा शोधलं. तिसऱ्याच एका देशाने चोरीची नोंद केलेली निघाली.

अर्थात जुळणी म्हणजे पुरावा नव्हे. मेक, मॉडेल, कॅलिबर आणि नंबर, चारही गोष्टी पडताळून त्या देशाचा लेखी होकार लागतो. तो यायच्या आत प्रयोगशाळेला चाचणीच्या गोळ्या झाडून पुंगळ्यांचे ठसे इबिनवर, म्हणजे असे ठसे देशोदेशी जुळवणाऱ्या इंटरपोलच्या जाळ्यावर, तपासायला कळवलं. पुंगळीच्या बुडावर आदळणारी फायरिंग पिन बदललेली असेल तर तिचा ठसा कामाचा नाही. मग पुंगळीचं बूड ज्यावर टेकतं त्या ब्रीचच्या ओरखड्यांवर भिस्त.

कॅनडाकडे अर्ज पाठवलाच नाही. ऐंशी वर्षांपूर्वीची लष्करी विक्री कळून तपास हलत नसतो. कायद्याच्या कागदावरून पिस्तूल शेवटी कुणाच्या हातून निसटलं, ते हवं असतं.

संध्याकाळी होकार आला. दुरुस्त अर्जात कारखाना, देश आणि नंबर हे तिन्ही रकाने बदलले. कॅलिबर तेवढं पहिल्यापासून बरोबर होतं.