एमिली काम नग्वारे: आधी मेण, मग रंग

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी चित्रकार एमिली काम नग्वारे यांचं प्रदर्शन २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात भरलं होतं. त्यांचं काम बघायचं तर कॅनव्हासकडे नंतर वळा, आधी बाटिक बघा. एमिली मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया नावाच्या भागातल्या; तिथल्या बायका १९७७ पासून बाटिक शिकल्या. वितळलेलं मेण कापडावर लावायचं, रंगात बुडवायचं, शेवटी गरम पाण्यात मेण काढायचं. मेण कोमट झालं तर ते धाग्यात मुरत नाही आणि रंग खालून शिरतो. फार तापलं तर रेघ पसरते. शिवाय मेण लावलेल्या जागेवर रंग चढत नाही, म्हणून सगळं उलट्या क्रमाने डोक्यात ठेवावं लागतं.

१९८८-८९ च्या सुमारास कॅनव्हासवर लावायचे ॲक्रिलिक रंग आले आणि ही कटकट संपली. एमिली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या. १९९६ मध्ये त्या गेल्या, तोवर सुमारे तीन हजार चित्रं! ॲक्रिलिक लवकर सुकतं, म्हणून ठिपक्यावर ठिपका चढवता येतो. खालचा थर ओला असेल तर मात्र दोन्ही रंग मिसळून मातकट होतात.

कॅनव्हास जमिनीवर अंथरून, भोवती बसून रंगवलेला. त्यामुळे वरची बाजू, खालची बाजू शोधत बसू नका. जाळीसारख्या रेघा म्हणजे रताळ्यासारख्या रानकंदाची मुळं, आणि कंद पोसला की वरच्या जमिनीला जाणाऱ्या भेगा. याला नुसतं 'अमूर्त' म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. मोबाइलवर हे ठिपके सपाट दिसतात. बाजूने, तिरक्या उजेडात बघा, रंगाचे उंचवटे दिसतील.