परळीचं नेट: अर्धवट उघडणाऱ्या साइट्सचा छडा लागला

बँकेची साइट उघडली! घरातल्या वायफायवरून, बाबांच्या लॅपटॉपवर, पहिल्या क्लिकला. मागच्या अपडेटमध्ये जे दुखणं मांडलं होतं (घरच्या वायफायवर काही साइट्स उघडतच नाहीत), त्याचं मूळ सापडलं: एमटीयू, म्हणजे एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार.

मांडणी तीच आहे. माळ्यावर साताऱ्याच्या बाजूच्या खिडकीत अँड्रॉइड फोन, तो यूएसबी टेदरिंगनं (केबलनं फोनचं नेट देऊन) शेजारच्या ओपनडब्ल्यूआरटी (मुक्त फर्मवेअर) राउटरला, तिथून लॅन केबल खाली सोप्यात, आणि सोप्यातला दुसरा राउटर नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पसरवणारा. सज्जनगडाच्या पायथ्याच्या या गावात खालच्या खोल्यांत आरएसआरपी (मोबाइल सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) उणे ११५ डीबीएमच्या आसपास, खिडकीत मात्र उणे ९८. म्हणून फोन तिथून हलणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पिंग (चाचणी पॅकेटला उत्तर येतं का ते पाहणं) छान, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) छान, व्हॉट्सॲप पळतंय, आणि काही ठरावीक साइट्स नुसत्या गोल फिरत राहतात. त्याच साइट्स फोनवर थेट लगेच उघडतात. डीएनएस बदलून पाहिलं, वायफायचं चॅनेल बदललं, फर्मवेअर नवं टाकलं, फरक शून्य. मग राउटरवरूनच, पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून, पिंगचा आकार वाढवत नेला. १४४४ बाइटपर्यंत उत्तर येतं, १४४५ ला एकदम चिडीचूप. त्या क्षणी मी माळ्यावरून आईला हाक मारली, इतका आनंद झाला.

१४४४ मध्ये पिंगच्या हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याच्या भागाचे) २८ मिळवले की १४७२. नेहमीच्या १५०० पेक्षा बरोबर २८ कमी, आणि हा फरक ४६४एक्सलॅटची, म्हणजे फक्त आयपीव्ही६ असलेल्या नेटवर्कवर जुनं आयपीव्ही४ चालवण्याच्या पद्धतीची, खूण आहे. नेटवर्क फोनला फक्त आयपीव्ही६ देतं आणि फोन आयपीव्ही४ ची पॅकेटं त्यात उलथवतो. आयपीव्ही४ चा हेडर २० बाइटचा, आयपीव्ही६ चा ४०, वर फ्रॅगमेंट हेडरसाठी (तुकडे केल्यास लागणाऱ्या) ८ राखीव; २० जादा आणि ८, मिळून २८. फोनला स्वतःची ही मर्यादा ठाऊक असते, म्हणून तो सर्व्हरला आधीच लहान एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा) सांगतो. राउटरला मात्र यूएसबी० (फोन जोडलेला इंटरफेस) म्हणजे सरळ १५०० चा रस्ता दिसतो. हँडशेकमध्ये (सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीला) साइटचं ओळखपत्र, सर्टिफिकेट, भल्यामोठ्या पॅकेटांतून येतं, ती वाटेत गळतात, आणि 'पॅकेट मोठं झालं' हा निरोप सर्व्हरपर्यंत पोचतच नाही.

एमएसएस क्लॅम्पिंग (एमएसएस आपोआप कमी करणं) वॅन झोनवर, म्हणजे राउटरच्या इंटरनेटकडच्या बाजूवर, पहिल्यापासून चालू होतं. पण ते राउटरच्या स्वतःच्या इंटरफेसचा एमटीयू पाहून कापतं. तोच १५०० असेल तर एमएसएस १४६० च राहणार. लूसीत (राउटरच्या सेटिंगच्या वेबपानात) डिव्हाइसेसमध्ये जाऊन यूएसबी० चा एमटीयू १४४० केला. १४७२ लाही चाललं असतं, पण मला थोडी मोकळी जागा हवी होती. एमएसएस १४०० झाला आणि सगळ्या साइट्स धडाधड उघडल्या.

दुसरी छोटी कमाई: डेव्हलपर ऑप्शन्समधलं डीफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन 'टेदरिंग'वर ठेवलं. आता लाइट जाऊन आली की राउटर उठतो, फोन आपोआप जोडला जातो, माळा चढावा लागत नाही. राउटरचा यूएसबी २.० पोर्ट मात्र नियमानं ५०० मिलीॲम्पच देतो आणि सततच्या टेदरिंगला ते तोकडं पडतं. वेगळी वीज घेणारा हब मध्ये घालाच.

केबलबद्दल कळकळीनं सांगतो: कॅट६ घेताना अस्सल तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त असते, पण वाकवली की तार तुटते. राजवाड्याजवळच्या दुकानदार काकांनी तार खरवडून आतला रंग दाखवला, मगच मी पैसे दिले. असे दुकानदार जपायला हवेत.

पुढचा बेत पावसाळ्याआधी बाहेरचा ॲन्टेना लावायचा होता. पण हे लिहितानाच सुचलं की घरातल्या उपकरणांना थेट आयपीव्ही६ ही दिलं, तर ज्या साइट्स आयपीव्ही६ बोलतात त्यांच्यापुरती ही उलथापालथ टळेल! फोन राउटरला वाटायला वेगळा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) सोपवत नाही, एकच /६४ (एका नेटवर्कपुरता गट) जाहीर करतो. म्हणजे ओडीएचसीपीडीचा (ओपनडब्ल्यूआरटीतला पत्ते वाटणारा प्रोग्राम) रिले मोड, म्हणजे फोनची जाहिरात घरात पुढे पोचवणं, लावावा लागेल. वॅन६ ला (इंटरनेटकडची आयपीव्ही६ बाजू) मास्टर, आणि वॅन व लॅन दोन्हीकडे आरए (प्रीफिक्सची जाहिरात), डीएचसीपीव्ही६ (पत्तेवाटप), एनडीपी (शेजारची उपकरणं शोधणं) रिलेवर. ॲन्टेना थांबेल, आधी हेच करतो. अँड्रॉइड टेदरिंगवर एनडीपी रिले कुणी चालवला असेल, तर फोन रीस्टार्ट झाल्यावर जुने पत्ते उपकरणांवर किती वेळ चिकटून राहतात तेवढं कळवा.