एकतीस हजार मैलांची डॅटसन

जुन्या जपानी गाड्या विकत घेण्यापूर्वी त्या तपासून त्यांची किंमत ठरवणे हे गेली अकरा वर्षे माझे काम आहे. लॉस एंजेलिसजवळच्या एका लहान दुकानासाठी मी ते करतो. मात्र त्यासाठी लागणारे बहुतेक सगळे शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, वडिलांच्या गॅरेजमध्ये, शाळा सुटल्यावर नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत बसण्यातून झाले आहे. विकणारा काय सांगतो ते ऐकून घ्यावे, पण गाडी काय सांगते त्यावर पैसे मोजावेत, ही आबांची, म्हणजे वडिलांची, शिस्त मी इथेही पाळत आलो आहे. एका सप्टेंबरमध्ये मात्र गाडी जे सांगत होती तेच मला नीट वाचता आले नाही, आणि त्यापायी एका वृद्ध बाईंना मी नाहक दुखावले.

फोन सेल्मा गावाहून आला होता. कॅलिफोर्नियातच, फ्रेस्नोच्या दक्षिणेला असलेले हे गाव बेदाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९७८ सालची डॅटसन ६२० पिकअप, पहिल्याच मालकाच्या घरी, मीटरवर ३१,४०६ मैल आणि मागणी बारा हजार डॉलर, एवढी माहिती आमच्या दुकानाच्या मालकांनी मला दिली आणि ट्रेलर जोडून पहाटेच निघायला सांगितले. भारतातील वाचकांना डॅटसन हे नाव २०१४ साली आलेल्या ‘गो’ या छोट्या मोटारीमुळे ठाऊक असेल. पण अमेरिकेत सत्तरच्या दशकात या नावाची ओळख मुख्यतः स्वस्त, काटक आणि वाटेल तसे राबवून घेता येणाऱ्या पिकअपची होती. १९७२ ते १९७९ या काळात इथे विकल्या गेलेल्या ६२० ला शेवटच्या वर्षांत एल२०बी हे १९५२ सीसीचे, साखळीवर चालणाऱ्या एकाच कॅमशाफ्टचे (झडपा उघडणाऱ्या दांड्याचे) इंजिन होते, धक्के झेलायला पुढे टॉर्शन बार म्हणजे पीळ घेणाऱ्या सळ्या आणि मागे पाटे होते. ज्या गाडीचा जन्मच विटा, खताची पोती आणि पाण्याचे पंप वाहण्यासाठी झाला, ती पंचेचाळीस वर्षांनंतर धड राहिलेली क्वचितच सापडते, कारण जपून ठेवण्यासाठी पिकअप कोणी घेतच नसे.

त्यातून बाहेरच्या देशांतून येणाऱ्या पिकअपवर अमेरिकेत १९६४ पासून २५ टक्के आयातकर आहे. युरोपातील देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर कर बसवला, त्याचा बदला म्हणून अमेरिकेने लावलेला हा कर आजही ‘कोंबडी कर’ म्हणूनच ओळखला जातो. जपानी कंपन्या तो चुकवण्यासाठी बरीच वर्षे नुसती केबिन आणि चासी आणत, तिच्यावर कमी कर भरत आणि हौदा इथे आल्यावर बसवत. ही पळवाट १९८० साली बुजली, आणि १९८३ पासून डॅटसन बनवणाऱ्या निसान कंपनीने आपली पिकअप टेनेसी राज्यातच बनवायला घेतली. कोंबड्यांच्या भांडणाचा भुर्दंड साठ वर्षे गाड्यांनी भरावा, हे मला अजूनही पटत नाही. पण आमच्या धंद्यातील बरीचशी किंमत अशाच जुन्या भांडणांवर उभी आहे.

सेल्मात शिरलो तेव्हा बेदाण्यांचा हंगाम ऐन भरात होता. आमच्याकडे तासगावला द्राक्षे शेडमध्ये, सावलीत, जाळ्यांवर वाळवतात. इथे वेलींच्या दोन ओळींमधील मोकळ्या जमिनीवर कागद अंथरून घड सरळ उन्हात टाकतात. बाईंच्या घरामागील बाग मात्र केव्हाच काढून टाकली होती आणि तिथे दुसऱ्या कोणाची बदामाची झाडे उभी होती. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते. पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या चादरींखाली, फिकट पिवळी डॅटसन उभी होती.

पहिल्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात बारा हजार मोजूनही टाकले होते. चासीवर ठोकलेला क्रमांक इंजिनाच्या खणातील पट्टीशी जुळत होता, सगळ्या काचांवर एकाच कारखान्याची खूण होती आणि सीटबेल्टच्या टोकांना शिवलेल्या लेबलांवर १९७८ सालच्याच तारखा होत्या. टायरच्या कडेवरील तारखेचा सांकेतिक आकडा तीन अंकी होता, म्हणजे टायर २००० सालापूर्वीचे आणि रस्त्यावर चालवण्यास निरुपयोगी होते. ६२० चा पत्रा जिथे हमखास सडतो त्या जागा, म्हणजे पुढच्या काचेची खालची कड, पायाखालचा पत्रा आणि केबिनच्या मागील सांधे, मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिल्या आणि सगळीकडून खणखणीत आवाज आला. हौद्याच्या आत ओरखडे होते, पण पोचे नव्हते. फाळका एका हाताने उघडत होता आणि दोर बांधण्याच्या बाहेरील आकड्यांवरचा मूळ रंग शाबूत होता.

मग मी चालकाच्या बाजूचे दार उघडले आणि माझा उत्साह मावळला. दार बिजागरीवर खाली झुकले होते आणि बंद करताना उचलून घ्यावे लागत होते, तर पलीकडचे दार दोन बोटांनी लागत होते. बैठकीची चढण्या-उतरण्याची कड फाटून आतला फोम निघाला होता. क्लचच्या पेडलवरचे रबर इतके झिजले होते की एका कोपऱ्यातून लोखंड दिसत होते आणि गिअरच्या गोळ्यावरचे आकडे पुसून गेले होते. एकतीस हजार मैलांत असे होत नाही. या गाडीच्या मीटरला मैलांचे पाचच आकडे आहेत. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे ३१,४०६ आणि १,३१,४०६ हे दोन्ही मीटरवर सारखेच दिसतात. इतक्या जुन्या गाडीच्या विक्रीत मीटरची नोंद जाहीर करण्याच्या कायद्यातूनही सूट असते, म्हणजे मालकीच्या कागदाचा इथे काही उपयोग नव्हता.

मी बाईंना म्हणालो, “मॅडम, हे मीटर एकदा पूर्ण फिरून आले असावे. ही गाडी लाखाच्या पुढे चाललेली आहे.”

त्यांनी माझ्याकडे काही क्षण पाहिले. “माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत ही गाडी काउंटीच्या बाहेर नेली नाही,” एवढेच त्या म्हणाल्या आणि घरात निघून गेल्या. जाळीचे दार त्यांच्यामागे आपटले.

शेडमध्ये एकटाच उरल्यावर मी निदान इंजिन तरी पाहून घ्यावे म्हणून हत्यारे काढली. गाडी २०११ पासून चालूच झाली नव्हती, म्हणून स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडले, थोडा वेळ थांबून इंजिन हाताने दोन फेरे फिरवले आणि मग माझी बॅटरी लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजले. चारही सिलिंडरचे आकडे १५८ ते १६५ पीएसआयच्या दरम्यान आले. तेल घातल्यावर आकडा थोडा फुगतो हे धरूनही, चार सिलिंडरमध्ये इतका कमी फरक हे चांगल्या इंजिनाचे लक्षण होते. तेल भरण्याचे झाकण काढून आत टॉर्च मारला तर कॅमचा उंचवटा दिसला आणि तो आरशासारखा गुळगुळीत होता. म्हणजे इंजिन म्हणत होते तीस हजार आणि क्लचचे पेडल म्हणत होते दीड लाख. दोघांपैकी एक खोटे बोलत होते आणि ते कोणते हे मला ठरवता येत नव्हते.

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा. आबा अजून जागे असतील या अंदाजाने मी फोन लावला आणि दार, बैठक, पेडल, कॉम्प्रेशन असे सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“दुसऱ्या बाजूचं दार कसं आहे म्हणालास?”

“नव्यासारखं.”

“मग एकटाच माणूस चढतोय-उतरतोय. अरे, दुधाच्या टेम्पोचं मीटर बघून तू कधी क्लचचा अंदाज केलायस का? पहाटेला निघतोय, गल्लीगल्लीला थांबतोय, कॅन चढवतोय, पुन्हा पहिला गिअर. दिवसाला वीस किलोमीटर, पण दार दोनशे वेळा उघडतंय. तुझी ती गाडी शेतातली आहे ना?”

मी बाहेर बघितले. शेजारच्या मळ्यात एक माणूस नवी पिकअप घेऊन द्राक्षांच्या ओळीतून चालला होता. दर पन्नास पावलांवर थांबून तो उतरत होता, कागदावरचे घड हाताने चाळवत होता आणि पुन्हा चढून पन्नास पावले पुढे जात होता. माझ्या डोळ्यांसमोर सकाळपासून हेच चालले होते.

फोन ठेवून मी घराच्या दाराशी गेलो आणि माफी मागण्याची वाक्ये जुळवत उभा राहिलो. बाईंनीच दार उघडले. त्यांच्या हातात खतविक्रेत्याने वाटलेली, रबरबँड लावलेली एक लांबट वही होती. शेतात जाळलेल्या पेट्रोलवरील कर इथल्या शेतकऱ्याला परत मागता येतो. त्यासाठी यजमानांनी शेतावरच्या टाकीतून गाडीत भरलेल्या प्रत्येक गॅलनचा हिशेब ठेवला होता. तारीख, मीटर, गॅलन, असे तीन रकाने आणि सगळे पेन्सिलीत. पहिली ओळ १९७८ च्या मे महिन्यातली होती आणि शेवटची २०११ च्या ऑक्टोबरमधली. मध्ये सुमारे अडीचशे ओळी होत्या आणि मीटरचा आकडा कुठेही मागे गेलेला किंवा शून्यावर आलेला नव्हता.

स्वयंपाकघरातील टेबलावर बसून मी ती वही ओळीने वाचली. एका पानावर १८,२४० आणि त्याखाली १८,३६६ असे आकडे होते आणि मध्ये भरलेले पेट्रोल होते नऊ गॅलन. १२६ मैलांना नऊ गॅलन, म्हणजे गॅलनला चौदा मैल. आपल्या हिशेबाने लिटरला जेमतेम सहा किलोमीटर. रस्त्यावर ही गाडी याहून बरेच अधिक देते. इतका कमी ॲव्हरेज पडायचा तर ती बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगत असली पाहिजे, आणि आबांनी हजारो मैलांवरून जे सांगितले ते या तीन रकान्यांत तेहतीस वर्षे लिहून ठेवलेले होते.

त्याच टेबलावर मी आणखी एक हिशेब केला, जो मालकांना आवडणार नव्हता. एकतीस हजारांतले पंधरा हजार मैल जरी ताशी दहा मैलांच्या वेगाने झाले असे धरले, तरी ते दीड हजार तास होतात. तेवढ्याच तासांत महामार्गावर ताशी साठने नव्वद हजार मैल झाले असते. म्हणजे मीटर खरे होते, पण गिऱ्हाईक ‘कमी चाललेली’ या शब्दांतून जो अर्थ घेते तो या गाडीला पुरता लागू नव्हता. पत्रा, हौदा, मागचे पाटे आणि पलीकडचे दार तीस हजारांचे होते. क्लच, गिअरबॉक्समधील पहिला गिअर, स्टार्टर आणि चालकाच्या बाजूची बिजागरी यांना मीटरचा आकडा लावण्यात अर्थ नव्हता. शिवाय बारा वर्षे उभी राहिल्याने टाकीतले पेट्रोल वॉर्निशसारखे चिकट झाले होते, मागच्या ड्रममधले ब्रेक जाम होते आणि हवेच्या गाळणीत उंदरांनी घर केले होते.

हे सगळे मी बाईंना जसेच्या तसे सांगितले. आधी माफी मागितली. ती त्यांनी मान हलवून स्वीकारली, पण हसल्या नाहीत. दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडून मी साडेनऊ हजार सांगितले, त्या अकरावर आल्या आणि साडेदहावर सौदा झाला. आमच्या धंद्यात यापेक्षा खाली आणता आले असते हे मला माहीत होते. सकाळच्या माझ्या वाक्याची किंमत त्यात धरली होती की नाही, ते मी मालकांना सांगितलेले नाही.

अडचण आली ती वहीवर. असा पुरावा सोबत असला तर पुढच्या विक्रीत त्याचे पैसे होतात, म्हणून गाडीबरोबर वहीही मिळावी असे मी सुचवले. बाईंनी ती माझ्या पुढ्यातून हळूच ओढून घेतली. समासात काही ठिकाणी वेगळ्याच नोंदी होत्या, त्या मी हिशेबाच्या नादात वाचल्या नव्हत्या: ‘पाऊस, कागद गुंडाळले’, ‘पंप बंद’, आणि एका ओळीशेजारी नुसते ‘मुलगी’. शेवटी मी फोनवर प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि मीटरचा आकडा असलेला मजकूर त्यांच्याकडून एका कागदावर सहीनिशी लिहून घेतला.

टायर हवा धरत नव्हते, तरी विंचने गाडी ट्रेलरवर चढली. ९९ क्रमांकाच्या महामार्गावर लागल्यावर मालकांचा फोन आला आणि त्यांनी पहिल्यांदा वहीचेच विचारले. ती आणली नाही म्हटल्यावर ते काही वेळ बोलले नाहीत; मग जाहिरातीत ‘अस्सल ३१,००० मैल’ असे मोठ्या अक्षरांत घालू, एवढेच म्हणाले. त्याखाली शेतातल्या वापराची आणि बदललेल्या भागांची ओळ घालावी असा मी आग्रह धरला. ती घातली गेली, अक्षरे मात्र बारीक झाली. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या गाड्यांना विक्रीपूर्वी धूर-चाचणी लागते. यजमानांनी धूर कमी करणाऱ्या भागांपैकी एअर पंपापासून सगळ्या नळ्यांपर्यंत काहीच काढून फेकलेले नसल्याने त्यात मात्र गाडी पहिल्याच फेरीत पास झाली.

पुढच्या आठवड्यात गिअरबॉक्स उतरवला तेव्हा क्लचप्लेट रिवेटपर्यंत झिजलेली निघाली आणि फ्लायव्हीलवर रिवेटांचे गोल ओरखडे उमटले होते. मी फोटो कोल्हापूरला पाठवला. आबांचा फोन लगेच आला.

“फ्लायव्हील लेथवर धरलंस का?”

“उद्या धरतोय.”

“जास्त कापू नकोस,” ते म्हणाले, आणि मग बाईंनी जेवायला विचारले होते का याची चौकशी करू लागले.