वजाबाकीची संगणकी शिकवणी : तिसरी नोंद

मुलांना वजाबाकी शिकवणारी, त्यांच्या चुका ओळखून सूचना देणारी एक संगणक-प्रणाली मी बनवतो आहे. मागील नोंदीनंतरच्या तीन आठवड्यांत तिच्या पडद्यावर दाखवण्याजोगे फारसे काही बदललेले नाही; बदलली आहे ती गणिते निवडण्याची पद्धत, आणि त्याला कारण ठरले ८२ वजा ३७ हे साधे गणित.

अमळनेरला माझ्याकडे संध्याकाळी येणाऱ्या गल्लीतल्या दोन मुलांनी याचे उत्तर ५५ दिले आणि प्रणालीने दोघांनाही एकच सूचना दिली. वह्या पाहिल्या तेव्हा कळले, की मुलीने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, तर मुलाने दशक रीतसर उसना घेऊन बारातून सात वजा केले होते, पण आठाचे सात करायला तो विसरला होता. चुका दोन, उत्तर एकच. एककांतील फरक नेमका ५ असला की हे घडते. ८२ वजा ३८ दिले असते, तर मुलीचे ५६ आणि मुलाचे ५४ आले असते.

मुलांच्या चुका बहुधा ठरावीक चुकीच्या रीतींतून येतात, हे ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी १९७८ सालीच ‘बग्गी’ या प्रणालीच्या आधारे मांडले होते. ते वाचूनही मी गणिते चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडत होतो, ही ढिलाई माझीच. आता प्रत्येक गणित आधी सात चुकीच्या रीतींनी सोडवले जाते आणि दोन उत्तरे जुळली तर ते बाद होते.

मुलाला रीत कितपत आली आहे, याचा अंदाज कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांच्या संभाव्यतेच्या पद्धतीने चालतो. सुरुवातीचा अंदाज ०.४०, रीत येत असूनही नजरचुकीने चुकण्याची शक्यता ०.१० आणि रीत येत नसताना उत्तर नुसते ठोकून बरोबर येण्याची ०.२० धरली, तर एका बरोबर उत्तराने तो ०.७५ वर जातो. मात्र त्या मुलीच्या रीतीने ८५ वजा ३२ नेहमीच बरोबर येणार, म्हणून बिनउसन्याची गणिते मी उसन्याच्या हिशेबातून वगळली आहेत.

भाषा-मॉडेलकडे (मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे) केवळ सूचनेची शब्दरचना ठेवली आहे, कारण तपासणी सोपवली तेव्हा त्याने एका चुकीच्या उत्तराला शाबासकी दिली. त्याने अहिराणीत लिहिलेल्या सूचना ऐकून शेजारच्या आजी पोट धरून हसल्या. त्या सूचना आता त्यांनाच विचारून मी हाताने लिहितो.

३०४ वजा १२७ सारखी, शून्यापलीकडून उसना घेण्याची गणिते अजून घेतलेली नाहीत. तिथे चुकीच्या रीतींची यादी सातावर थांबणार नाही.