खारकीव्हचं पत्र

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, एका खासगी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणं हे माझं काम. २०२२ च्या सप्टेंबरअखेरीस परभणीकडची एक मुलगी समोर येऊन बसली. युक्रेनमध्ये, खारकीव्हला, तिचं मेडिकलचं पहिलं वर्ष झालेलं, त्यातलं अर्धं युद्धामुळे घरी बसून ऑनलाइन. मूळ कागद तिकडेच राहिलेले. हातात फक्त मोबाइलमधले फोटो.

आमच्या रजिस्ट्रारबाईंनी चष्मा लावला आणि एकेक विषय जुळवायला घेतला. शरीररचनाशास्त्र, ऊतिशास्त्र, लॅटिन. वर्षाचे ६० क्रेडिट, सहा वर्षांचे ३६०. तिकडेही तेच, इकडेही तेच. बाई सोव्हिएत काळात पाचपैकी गुण मिळवत शिकलेल्या. प्रवेशासाठी कुणाकुणाच्या हातावर किती ठेवावं लागे, हे त्या अजून चिडून सांगतात. २००५ साली जॉर्जियात सगळ्यांसाठी एकच राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा आली आणि ते थांबलं. त्याच वर्षी मे महिन्यात, बर्गेनच्या बैठकीत, जॉर्जिया आणि युक्रेन दोघेही बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे एकमेकांचं उच्चशिक्षण जुळवून घेण्याच्या युरोपीय व्यवस्थेत, शिरले. म्हणून तर हा कागद बाईंना सरळ वाचता येत होता. अडलं फक्त 'युक्रेनी भाषा' या विषयापाशी. त्याच्यासमोर लिहायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

"झालं की! सरळ दुसऱ्या वर्षाला प्रवेश देऊन टाका," प्रवेश विभागाचे साहेब म्हणाले. त्यांना फी दिसत होती.

मी नाही म्हटलं. क्रेडिट जुळले तरी भारताचा नियम वेगळा: सगळं शिक्षण एकाच परदेशी संस्थेत हवं. ६ सप्टेंबरला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने युक्रेनच्या मुलांना त्यातून वाट काढून दिली होती, पण ती तात्पुरत्या स्थलांतराची. शिकायचं इथे, पदवी मात्र खारकीव्हची. इथे कायमचा प्रवेश घेतला असता, तर शिक्षण संपल्यावर मायदेशी डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेला बसतानाच अडकली असती. हे एजंट सांगत नाहीत. साहेबांनाही ते ऐकायचं नव्हतं; ते दार जरा जोरातच लावून गेले.

आता हवं होतं तिच्या विद्यापीठाचं संमतिपत्र. सकाळी मेल केला. दुपारी पुन्हा केला. मध्ये तिच्या वडिलांचा फोन. "मॅडम, वर्ष वाया नाही ना जाणार?" मी "बघू या" एवढंच म्हणू शकले. बाईंनी मुलीला बळेच खाचापुरी, इथली चीज भरलेली रोटी, खायला घातली आणि नव्वदच्या दशकात वीज नसताना मेणबत्तीवर केलेल्या अभ्यासाच्या गोष्टी सांगितल्या. निम्मं रशियन, निम्मं इंग्रजी. पोरीला कितपत कळलं कोण जाणे, पण ती खात होती.

पावणेसहाला पत्र आलं. शिक्का, सही, सगळं होतं. मेलमध्ये खाली एक ओळ: उशिराबद्दल क्षमस्व, सायरन झाल्याने तळघरात होतो.

मुलीने ते युक्रेनियनमध्ये मोठ्याने वाचलं. अडखळत, पण वाचलं. बाईंनी पेन उचललं, 'युक्रेनी भाषा'समोरची चौकट तशीच कोरी ठेवली आणि खाली सही केली.