दंगल नसताना करायची कामं

१९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत होरपळलेली भिवंडी १९९२-९३ मध्ये, शेजारची मुंबई पेटलेली असताना, शांत राहिली. याचं बरंचसं श्रेय सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानं आधीच उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना दिलं जातं. 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा. दगड पडल्यावर बोलावलेली शांतता सभा म्हणजे फोटोपुरता कार्यक्रम.

समिती करायची तर वस्तीपुरती, वीस-पंचवीस जणांची ठेवा. दोन्ही बाजूंची माणसं सारखी हवीत: किराणावाला, लूमवर काम करणारा, रिक्षावाला, शिक्षिका. पुढारी टाळा. ते आले की बाकीचे गप्प बसतात आणि निवडणूक जवळ आली की समितीच फुटते. बायका निम्म्या तरी असाव्यात. नळावरची कुरबुर त्यांनाच आधी कळते.

महिन्यातून एक बैठक, तीही गटार, पाणी, पार्किंग यांवर. धर्मावर चर्चासत्र नको. एकत्र गटार उपसून घेतलेल्या माणसाला रात्री अकराला फोन करता येतो, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अफवा आली की पुढे पाठवू नका. मेसेजमध्ये ज्या गल्लीचं नाव आहे, तिथल्या सदस्याला फोन लावा, त्यानं जाऊन बघावं, मग बीट हवालदाराला कळवावं. व्हिडिओ असेल तर दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर बघा. पुष्कळदा गाव भलतंच निघतं. गणपती-मोहरम जवळ आले की मिरवणुकीचा रस्ता, वेळ आणि स्पीकरचा आवाज आठवडाभर आधी ठरवा.