ब्रिगफ्लॅट्सच्या मौनसभेला जाताना

इंग्लंडमध्ये सेडबर्गजवळ ब्रिगफ्लॅट्सला क्वेकरांचं, म्हणजे मौनात उपासना करणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचं, सभागृह आहे, १६७५ सालचं. अशा सभांना कायद्याने मोकळीक मिळाली ती १६८९मध्ये. म्हणजे हे त्याच्याही आधीचं! आत वेदी नाही, क्रूस नाही. लाकडी बाकं, वर सज्जा, आणि जिन्याच्या पायथ्याशी मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी केलेला छोटासा कप्पा. तो जरूर बघा, फार गोड आहे.

सभेला पाच-दहा मिनिटं आधी पोचा, फोन बंद ठेवा. साधारण तासभर मौन असतं. कुणाला आतून वाटलं तर तो उठून थोडकं बोलतो. नवखे इथेच चुकतात: लगेच उत्तर द्यायला उभे राहतात. ही चर्चा नव्हे. ऐकलेलं आधी मुरू द्यायचं. दोघा ज्येष्ठांनी हात मिळवले की सभा संपली. काही विचारायचं असेल ते त्यानंतर.